'हेल्दी' लिहिण्याआधी गूळ मोजा!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मायक्रोवेव्हमध्ये सव्वा मिनिटात होणारा नाचणीचा चॉकलेट मग केक करून दाखवला. आता बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच गणित सुरू झालं असणार: "सर, हे तर सोपं आहे. 'हेल्दी चॉकलेट केक' म्हणून विकू का?"

माझं स्पष्ट मत सांगतो. पदार्थ चांगला आहे, धंदा होऊ शकतो. पण केक विकू नका आणि 'हेल्दी' हा शब्द विकू नका. असं का म्हणतो, ते सांगतो.

आधी माझी चूक

काही वर्षांपूर्वी माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी दिवाळीच्या प्रदर्शनात गुळाच्या ब्राउनीचा स्टॉल लावला होता. माल उठत नव्हता. मी म्हणालो, "ताई, पाटी बदला. 'शुगर फ्री' लिहा, साखर कुठे आहे यात?" पाटी बदलली आणि दुपारपर्यंत ट्रे रिकामे झाले. मी खूश!

दुसऱ्या दिवशी एक बाई स्टॉलवर आल्या. त्यांच्या वडिलांना मधुमेह. पाटी वाचून त्यांनी चार ब्राउनी नेल्या होत्या, आजोबांनी निर्धास्तपणे दोन खाल्ल्या आणि रात्री साखर इतकी चढली की डॉक्टरांना फोन करावा लागला. बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं होतं म्हणून दिलं हो."

पाटी ताईंच्या हाताने लिहिलेली होती, पण शब्द माझा होता. आजोबा बरे झाले. ताईंनी मात्र तो स्टॉल पुन्हा लावला नाही. 'शब्द बदला, माल खपेल' हा सल्ला मी त्या दिवसापासून कोणालाही दिलेला नाही.

रेसिपी, मोजून

'अंदाजे' हा शब्द घरच्या स्वयंपाकात चालतो, धंद्यात नाही. एका मगचं माप असं:

- नाचणीचं पीठ १६ ग्रॅम
- गव्हाचं पीठ ८ ग्रॅम
- बिनसाखरेची कोको पावडर ७ ग्रॅम
- गूळ पावडर १८ ग्रॅम
- बेकिंग पावडर १ ग्रॅम, चिमूटभर मीठ

हे झालं साधारण ५० ग्रॅम. त्यात चार टेबलस्पून दूध आणि दोन चमचे तेल. गुठळ्या मोडून घ्या, मग अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, नाहीतर केक फुगून सगळा काचेच्या प्लेटवर सांडेल. ८०० वॅटच्या मायक्रोवेव्हला ७० ते ८० सेकंद. मधोमध थोडं ओलसर दिसत असतानाच काढा आणि एक मिनिट थांबा; आतल्या उष्णतेने तो शिजत राहतो.

एक खुबी लक्षात ठेवा. नाचणीचं पीठ आधी मंद आचेवर खमंग भाजा. सव्वा मिनिटात पिठाचा कच्चा वास जात नाही. आणि पॅक करण्याआधी ते पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर पाकिटाला आतून घाम येईल.

केक का विकायचा नाही?

कारण तो टिकत नाही. मायक्रोवेव्ह पदार्थातलं पाणी तापवतो, त्यामुळे केक झटपट शिजतो आणि तितकाच झटपट कोरडा पडतो. गरम असताना मऊ लागणारा हाच केक अर्ध्या तासात रबरासारखा होतो. तो डिलिव्हरीच्या पिशवीत घालून पाठवलात तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही.

म्हणून कोरडं मिक्स विका. गिऱ्हाईक दूध-तेल घालेल आणि गरमागरम खाईल. हॉस्टेलवर राहणारी मुलं, हिंजवडी-ऐरोलीच्या ऑफिसातले लोक, ज्यांच्या पँट्रीत मायक्रोवेव्ह आहे पण गॅस नाही, ते तुमचं पहिलं गिऱ्हाईक. आणि पाकिटाच्या मागे दुसरी कृतीही छापा: हेच मिश्रण तेल लावलेल्या अप्पे पात्रात, झाकण ठेवून, मंद आचेवर. म्हणजे मायक्रोवेव्ह नसलेलं घरही तुमचं गिऱ्हाईक झालं.

पावसाळ्यात मात्र गूळ पावडर ओल धरते आणि अख्खं पाकीट दगड होतं. उपाय सोपा आहे: गुळाची पुडी वेगळी द्या. यात आणखी एक फायदा आहे, गोड किती घालायचं ते खाणारा ठरवतो.

आता खरा हिशोब: गुळाचा

१८ ग्रॅम गूळ म्हणजे सुमारे चार चमचे. त्यात निव्वळ साखर साधारण १५ ग्रॅम. ५० ग्रॅमच्या पाकिटात १५, म्हणजे १०० ग्रॅमला ३०. एफएसएसएआयच्या २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांत घन पदार्थाला 'लो शुगर' म्हणायचं तर मर्यादा आहे १०० ग्रॅमला ५ ग्रॅम, आणि 'शुगर फ्री'साठी फक्त अर्धा ग्रॅम! कुठे ३०, कुठे अर्धा.

"पण सर, गूळ तर नैसर्गिक!" बरोबर. पण शरीराच्या दृष्टीने तो बहुतांशी साखरच आहे, कॅलरीही जवळपास तेवढ्याच. 'नो ॲडेड शुगर'ही लिहिता येत नाही, कारण गूळ हीच घातलेली साखर. गुळाची पुडी वेगळी दिली म्हणून तसं छापायचं, हीसुद्धा पळवाट झाली. नाचणीत कॅल्शियम आणि तंतू भरपूर, हे खरं. पण तिच्यातही पिष्ट आहेच. मधुमेही माणसाला ती 'बिनधास्त खा' म्हणून देता येत नाही.

मोठमोठे ब्रँडही इथे अडकलेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढा, कारण कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्यांच्याकडे वकील आहेत. तुमच्याकडे फक्त तुमचं नाव आहे.

मग या केकमध्ये चांगलं काय? तो एकाच माणसापुरता आहे. अर्धा किलोचा केक फ्रीजमध्ये असला की येता-जाता एकेक तुकडा जातो. इथे मग संपला, विषय संपला. माझ्या मते हाच याचा सगळ्यात मोठा गुण. तोच विका: "मैदा नाही. नाचणी आहे. एका माणसाला एक मग. पूर्ण पुडी घातली तर सुमारे १५ ग्रॅम साखर." आकडा छापण्याआधी लॅबमधून तपासून घ्या. ही ओळ वाचून काही गिऱ्हाईकं जातील, जाऊ द्या. जे घेतील ते पुन्हा येतील.

किंमत ठरवताना

माझ्या भागातले किरकोळ भाव धरून एका पाकिटाचा हिशोब: कोको ७ रुपये, बाकी सगळा कच्चा माल साडेतीन. पाकीट आणि लेबल ५. मजुरी ३, हो, तुमची स्वतःची! नासधूस १. झाले साडेएकोणीस.

नवीन माणूस म्हणतो, "२५ ला विकू." मग दुकानदार ३० टक्के, म्हणजे साडेसात रुपये ठेवतो आणि तुमच्या हातात येतात साडेसतरा. प्रत्येक पाकिटामागे दोन रुपये खिशातून! ४० ला विकलंत तर दुकानदाराचे १२ वजा जाऊन २८ उरतात. त्यातून प्रवास आणि सँपलचे ३ काढा, मग साडेपाच रुपये नफा.

बघा, कच्च्या मालाचा दोन तृतीयांश खर्च एकट्या कोकोचा. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कोकोने टनाला १० हजार डॉलरचा टप्पा ओलांडला होता. असा भाव परत चढला तर तुमचे साडेपाच रुपये किती दिवस टिकतील, हे आजच कागदावर मांडा.

या आठवड्याचं काम

१. शंभर ग्रॅमचं नाही, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्या.
२. तीन वेगवेगळ्या घरांतल्या मायक्रोवेव्हवर हाच केक करा. वॅट आणि सेकंद लिहून ठेवा. तेच लेबलवर जाईल.
३. फॉस्कॉस पोर्टलवर एफएसएसएआय नोंदणीचे नियम आणि फी वाचा. नोंदणीआधी विक्री नको.
४. लेबलचा मसुदा लिहा: घटक उतरत्या क्रमाने, वजन, तारखा, किंमत, हिरवं चिन्ह, आणि गहू व दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सूचना.

शेवटी ते लेबल घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचायला द्या. वाचून झाल्यावर विचारा, "आजोबा, हे तुम्ही किती खाल?" त्यांचं उत्तर ऐकून तुम्हाला धाकधूक वाटली, तर लेबल बदला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. मोजा, लिहा, मगच विका!