आधी बघा, मग मूळव्याध म्हणा

सातारा, कराड, विटा, सांगली. कुठल्याही एसटी स्टँडाबाहेरच्या भिंतीवर ही जाहिरात ओळखीची आहे: मूळव्याध, फिशर, भगंदर, बिगर ऑपरेशन, एका इंजेक्शनात कायमचा आराम, गुप्ततेची हमी. यातलं शेवटचं आश्वासन सगळ्यात जास्त खपतं. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण ज्या समाजात रुळली तिथे ते खपणारच. नाहीतर या पट्ट्यात डॉक्टरांची वानवा नाही. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडलं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. उपचारांसाठी कर्नाटकातली माणसं मिरज गाठतात आणि शेजारच्या गावातला माणूस शौचातून रक्त पडतं हे बायकोलाही सांगत नाही.

खरं तर बहुतेकांना घाबरण्याचं कारण नसतं. शौचानंतर लालभडक चार थेंब पडले, दुखलं नाही, तर बहुधा आतली मूळव्याध असते. गुदद्वाराच्या आतल्या भागाला बाहेरच्या कातडीसारखी वेदना कळत नाही, म्हणून रक्त पडूनही दुखत नाही. उलट शौचाला बसताच वस्तऱ्याने कापल्यासारखं झालं, मागून तासभर ठणका राहिला आणि मळावर रक्ताची एखादीच रेघ दिसली, तर ते फिशर, म्हणजे चीर. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा बद्धकोष्ठ आणि कुंथणं असतं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा त्रास सर्रास दिसतो. भरपूर पाणी, भाकरी-पालेभाजी, इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणं आणि शौचालयात मोबाइल न नेणं एवढ्यावर ताज्या चिरा बऱ्याचदा काही आठवड्यांत भरतात.

आपल्याकडे सगळा दोष ठेच्यावर आणि तांबड्या रश्श्यावर जातो. चीर असताना तिखट झोंबतं, हे खरं. पण पहाटे अंधारात जाऊन येणाऱ्या आणि मग दिवसभर दाबून धरणाऱ्या ऊसतोड बायकांच्या बद्धकोष्ठाला ठेचा काय करणार?

गडबड पुढे होते. गुदाशयातली गाठही तसंच लाल रक्त देते, आणि सुरुवातीला तीही दुखत नाही. मूळव्याध इतकी सर्वत्र आहे की एकाच माणसाला दोन्ही असू शकतात; मूळव्याधीचे कोंब दिसले म्हणून आत दुसरं काही नाही असं होत नाही. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आढळतो, पण तो म्हातारपणाचीच वाट बघत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं. म्हणजे पोरांची शिक्षणं चालू असलेली, सोसायटीचं कर्ज फेडत असलेली माणसं.

सरकारच्या कर्करोग तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच आहेत. आतड्यासाठी घरोघरी कुणी येणार नाही, त्यामुळे इथे रक्त हीच पहिली वर्दी ठरू शकते. सांगलीच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांना धोक्याची लक्षणं सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दाखल होऊ लागल्या. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. लाजेचा विषय कुणीतरी तोंडाने बोललं, एवढंच.

मग जायचं कधी? रक्त पुन्हा पुन्हा पडत असेल तर वय कितीही असो, एकदा दाखवावं. चाळिशी उलटली असेल, पोट साफ होण्याची सवय दोन-तीन आठवडे बदललेली असेल, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटत असेल, रक्तासोबत शेम पडत असेल, वजन उतरत असेल, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर उशीर नको. अशा वेळी दुर्बिणीची तपासणी लागते. आतड्यातून नकळत रक्त गेल्यानेही हिमोग्लोबिन उतरतं, पण बायकांचं उतरलं की ते पाळीच्या खात्यावर टाकलं जातं. पाळी थांबलेल्या बाईचंही टाकतात, हे अजब! लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, ते निरुपद्रवी. पण डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच, किंवा भळाभळा रक्त आणि चक्कर, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर नक्कीच. मात्र त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

हा आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथीचा वाद नव्हे. सुश्रुताने अर्शासाठी, म्हणजे मूळव्याधीसाठी, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे औषधी दोऱ्याची, आयसीएमआरने अनेक केंद्रांवर चाचणी घेतली. १९९१ च्या त्या निष्कर्षांत जखम भरायला वेळ जास्त लागला, पण दुखणं उलटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी निघालं. शिकलेला वैद्य आणि शिकलेला सर्जन दोघेही आधी तपासतात. भिंतीवरचा इंजेक्शनवाला तपासत नाही, त्याचं निदान जाहिरातीतच छापलेलं असतं.

पण दोष एकट्या त्याचा नाही. गर्दीच्या दवाखान्यात 'रक्त पडतंय' एवढं ऐकूनच मलम आणि जुलाबाची गोळी लिहून देणारे पदवीधर डॉक्टरही कमी नाहीत. बोटाने केलेल्या तपासणीला दोन मिनिटं लागतात, भूल लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ त्यात हाताला लागू शकते. तेव्हा न बघताच चिठ्ठी पुढे आली तर खुर्चीवरून उठू नका. 'डॉक्टर, एकदा तपासून घ्या,' असं स्पष्ट म्हणा, आणि टाळाटाळ झाली तर दुसरा दवाखाना गाठा.