पाऊस पाहणारे आणि पाऊस मोजणारे

वैशाख सरत आला, की आपल्या या महानगरात एक निराळाच वर्ग जागा होतो. दुपार कलली आणि सह्याद्रीच्या माथ्यावर कापसाच्या राशींसारखे ढग रचले जाऊ लागले, की ही मंडळी हातचे काम बाजूला सारून खिडकी गाठतात. हातातील मोबाइलवर रडारचे चित्र, आणि दृष्टी मात्र पूर्वेकडे, ठाणे-कल्याणच्या पलीकडे. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला, वारा एकाएकी पडला, की 'आता तासाभरात मुलुंड' असे ती एकमेकांस कळवितात. आणि पुष्कळदा त्यांचे म्हणणे खरेही ठरते. शेजारीपाजारी त्यांस हसतात. छत्री नेमकी पावसाच्या दिवशी घरी विसरणाऱ्या शहरात, पावसाची आधीपासून वाट पाहणारा मनुष्य विक्षिप्त वाटावा, यात नवल नाही. आम्हांला मात्र हा विक्षिप्तपणा वाटत नाही. या छंदात शहराच्या रक्षणाचे एक साधन दडलेले आहे आणि ते आपण वाया घालवीत आहो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वळवाचा स्वभाव ध्यानी घेतला, म्हणजे या मताचे कारण कळून येईल. मोसमी पाऊस हा सैन्यासारखा येतो, त्याची चाल दोन-चार दिवस आधी कळते. वळीव हा दरोडेखोरासारखा येतो. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, डोंगराच्या उतारावर तिला आणखी रेटा मिळतो आणि पाहता पाहता दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्याच्या पोटातील पाऊस आणि गारा खाली येताना थंड हवेचा लोट बरोबर ओढून आणतात. तो जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो. पावसाच्या आधी येणारा धुळीचा झंझावात तो हाच. एकट्या ढगाचे हे सारे आयुष्य अनेकदा तासाभराचे, आणि त्याचा विस्तार काही मैलांचा. 13 मे 2024 च्या दुपारी अशाच वादळी वाऱ्यात घाटकोपर येथे जाहिरातीचा महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे प्राणांस मुकली. फलक प्रमाणाबाहेर मोठा होता, हा अपराध वाऱ्याचा नव्हे, माणसांचा. परंतु उन्हाळी वादळ म्हणजे घटकाभराची गंमत, हा समज त्या दिवशी तरी कायमचा पुसला जावयास हवा होता.

पाऊस किती स्थानिक असू शकतो, याचा धडा या शहराला त्यापूर्वीच, आणि भयंकर किंमत देऊन, मिळाला होता. 26 जुलै 2005 रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच काळात अवघा 73. दोन्ही ठिकाणे एकाच शहरातली, मध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने सांताक्रूझकडील दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीच्या छपरावर त्या दिवशी पावणेनऊ हजार लिटर पाणी कोसळले. दक्षिण मुंबईतील कचेरीत बसलेल्या माणसाला मात्र आपले कुर्ल्याचे किंवा कलिन्याचे घर बुडते आहे, याची वार्ताही नव्हती. तो नेहमीसारखा घरी निघाला, आणि शेकडो कुटुंबांत त्या दिवशी गेलेली माणसे परतली नाहीत. 'मुंबईत आज इतका पाऊस झाला' हे वाक्यच किती फसवे आहे, हे त्या दिवशी कळले.

त्या वेळी या शहराजवळ डॉप्लर रडार नव्हते. आता कुलाबा आणि वेरावली येथे ती आहेत. महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापके ठिकठिकाणी बसली आहेत. ही प्रगती मोठी आहे, आणि तिचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. पण रडार ढगातले थेंब पाहते; आपल्या गल्लीत प्रत्यक्ष किती पडले, हे सांगावयास भांडेच लागते. आणि भांडे ठेवणारा मनुष्यही लागतो.

ही कल्पना आम्ही परदेशातून उसनी आणलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर रुंद तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे, अशी आज्ञा आहे. कोणत्या देशात किती द्रोण पाऊस पडतो, याचे कोष्टकही तेथे आहे. त्यात अपरान्तापुढे, म्हणजे आपल्या कोकणपट्टीपुढे, आकडाच नाही. तेथील पाऊस अमित, असे आचार्यांनी सांगून टाकले आहे! इंग्लंडात जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थाने 1860 मध्ये पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांची संघटना उभारली. धर्मगुरू, डॉक्टर, जमीनदार, असे हजारो लोक तिला नित्य नोंदी पाठवू लागले. त्याच सायमन्सच्या नावाचे पर्जन्यमापक आपल्या हवामान खात्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरले. अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स गावात 1997 च्या जुलैत गावाच्या एका अंगाला प्रलय आणि दुसऱ्या अंगाला बेताचा पाऊस, असा सांताक्रूझ-कुलाब्यासारखाच प्रकार घडला, पाच माणसे मेली. तेव्हा तेथील विद्यापीठाने दुसऱ्याच वर्षी नागरिकांच्या हाती साधी पर्जन्यमापके दिली. त्या उपक्रमात आज हजारो कुटुंबे रोज सकाळी पाऊस मोजतात. आपल्या धड्यातून आपण असे काय उभारले?

आता दोन शब्द या छांदिष्ट मंडळींनाही सांगितले पाहिजेत. पाहणे ही एक गोष्ट आणि भाकित करणे ही दुसरी. रडारवर लाल ठिपका दिसला, की 'ढगफुटी होणार' अशी आवई उठवून देणारा मनुष्य हवामानशास्त्राची सेवा करीत नाही. तो अफवेची सेवा करतो. तीनदा लांडगा आला म्हणून ओरडल्यावर चौथ्या वेळी गावकरी येत नाहीत, ही गोष्ट आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. इशारा देण्याचा अधिकार हवामान खात्याचा. आपला अधिकार पाहिले ते, वेळेसह आणि ठिकाणासह, जसेच्या तसे सांगण्याचा. दुसरे असे, की विजेशी शौर्य दाखवू नये. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर. आकडा तिसाच्या आत आला, की वीज दहा किलोमीटरच्या आत आली. अशा वेळी गच्ची सोडून घरात यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये. छायाचित्रापेक्षा छायाचित्रकार अधिक मोलाचा आहे.

आमची सूचना साधी आहे. शहरातील प्रत्येक शाळेच्या अंगणात अथवा मोकळ्या गच्चीवर एक पर्जन्यमापक असावे. आम्ही एके काळी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे ते होते. पण मुले फोडतील या भीतीने कुलूपबंद कपाटात! पाठ्यपुस्तकात त्याची आकृती, परीक्षेत तिला चार गुण, आणि बाहेर पाऊस कोसळत असता भांडे कोरडे. हा विनोद आता पुरे झाला. मुलांनी रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे वेधशाळेच्याच ठरल्या वेळी, माप घ्यावे आणि फळ्यावर लिहावे. पाऊस न पडल्यास शून्य लिहावे. शून्य हीही नोंदच होय. हौशी मंडळींनी आपापल्या भागातील शाळा दत्तक घ्याव्या आणि उपकरण नीट बसले आहे की नाही, हे पाहावे. हवामान खात्याने नागरिकांची निरीक्षणे स्वीकारण्याची सोय केलेलीच आहे. महापालिकेने या नोंदी आपल्या नोंदींशेजारी, वॉर्डवार आणि सर्वांस दिसतील अशा, प्रसिद्ध कराव्या. नाले कोठे रुंदवावे आणि पंप कोठे बसवावे, हा वाद मग आवाजाच्या उंचीवर न ठरता पाण्याच्या उंचीवर ठरेल.

2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. तयारीला पंधरवडा आहे, असे मानून बसलेल्या यंत्रणेची आणि नागरिकांची तेव्हा जी त्रेधा उडाली, ती वाचकांच्या स्मरणात असेलच. पाऊस पंचांग पाहून येत नाही. निदान तो आल्यावर, कोठे किती आला, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे. अपरान्ताचा पाऊस अमित आहे, असे म्हणून कौटिल्याला सोडून देता आले. त्या पावसात राहणाऱ्यांना ती मुभा नाही.