दार आधी वाजवावे



पाहुण्याला 'नाही' म्हणणे आपल्या समाजाला जमत नाही. त्याला कारणही तसेच आहे. मुंबईत आपली माणसे स्थिरावली ती कोणाच्या तरी खोलीत पथारी टाकूनच. एक जण गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत चिकटला की मागोमाग भाऊ, मेहुणा, गाववाला येई. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पण तिने किती संसार उभे केले याची गणती नाही. शिवाय गावात आपले आजे-पणजे दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणून आपल्या दारात आलेल्याला 'जरा थांब' म्हणताना आपली जीभ अडखळते. ६ डिसेंबरला गावाकडची माणसे घरी उतरतात तेव्हा आपण जिन्यात झोपतो आणि त्यात आनंदच मानतो.

हे सर्व मान्य करूनच आज माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला कमीपणा वाटतो, तरी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात माझा भाचा गावाहून आला. पोलीस भरतीची तयारी करायची होती. 'चार दिवस राहील, मग मुलांबरोबर खोली बघेल,' असे आक्का फोनवर म्हणाली. मी लगेच होकार दिला. सौभाग्यवतीला नंतर सांगितले. मुलीला तर सांगितलेच नाही. ती तेव्हा बारावीला होती.

पोरगा गुणी होता. व्यसन नाही, उलट बोलणे नाही. पहाटे साडेचारला उठून मैदानावर धावायला जाई. पण त्यासाठी दिवा लागे, मोरीत बादली वाजे, आणि रात्री बारापर्यंत अभ्यास केलेली मुलगी दचकून जागी होई. संध्याकाळी तो मोबाईलवर भरतीची व्याख्याने मोठ्या आवाजात ऐके. एकदा पेन हवे म्हणून त्याने तिचे दप्तर उघडले. आत तिच्या खाजगी वस्तू होत्या. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, पण त्या दिवसापासून तिने घरात बोलणे कमी केले. मी समजलो, परीक्षेची काळजी असेल.

डिसेंबर संपता संपता शेजारच्या मावशींनी मला जिन्यात थांबवले. म्हणाल्या, "रागावू नका, पण तुमची लेक दोन महिने कपडे बदलायला आमच्याकडे येते. हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हते. मी मंडळाच्या बैठकीत स्त्री-शिक्षणावर भाषणे करणारा माणूस! माझ्याच मुलीला माझ्याच घरात आडोसा नव्हता, आणि ते मला शेजाऱ्यांनी सांगावे लागले.

त्या रात्री मला वर्षावासात विहारात ऐकलेले एक प्रवचन आठवले. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक संपूर्ण प्रकरण अशा रीतभातींचे आहे. बाहेरून येणाऱ्या भिक्खूने कसे वागावे, मुक्कामी असलेल्या भिक्खूने त्याचे स्वागत कसे करावे आणि निघणाऱ्याने काय करून निघावे, हे सारे त्यात सांगितले आहे. काही आगंतुक भिक्खू पादत्राणे घालून, छत्री उघडी ठेवून विहारात शिरत, पिण्याच्या पाण्याने पाय धूत. एक जण तर बंद खोलीचे दार धाडकन उघडून आत घुसला आणि वरून त्याच्या अंगावर साप पडला. तेव्हा नियम झाला की आधी दार वाजवावे, क्षणभर थांबावे, मग कडी काढून बाहेरूनच आत बघावे. पिण्याचे पाणी कोणते, वापरायचे कोणते, संघाचा शिरस्ता काय, हे आल्याबरोबर विचारून घ्यावे. मुक्कामी भिक्खूनेही आलेल्या ज्येष्ठाला आसन द्यावे, पाय धुवायला पाणी द्यावे, पात्र-चीवर हातातून घ्यावे. निघणाऱ्याने सामान जागच्या जागी लावून, दारे-खिडक्या बंद करून, सांगून निघावे.

सर्वस्वाचा त्याग केलेल्या भिक्खूंनाही एकत्र राहायला नियम लागले. मग दहा बाय सोळाच्या खोलीत आपल्याला ते का लागू नयेत? त्या नियमांत पाहुण्याचा अपमान नाही. त्यांत दोन्ही बाजूंची कर्तव्ये आहेत.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला जवळ बसवले. खोलीत तार बांधून पडदा लावला. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास आम्ही पुरुषांनी बाहेर थांबायचे ठरवले. मुलीचे दप्तर आणि तिची फळी यांना कोणी हात लावायचा नाही. ढकललेल्या दाराला आधी टकटक करायची, मीसुद्धा. आपले ताट आपण घासायचे, पाणी भरायचे. विहाराच्या समितीला विचारून त्याच्या अभ्यासाची आणि झोपण्याची सोय विहाराच्या सभागृहात केली. जेवायला तो घरी येई. पोरगा शहाणा. म्हणाला, "मामा, मला आधीच सांगायचं होतं. मला काय कळतंय?"

आक्काला मात्र ते लागले. फोनवर म्हणाली, "आई गेल्यावर तुम्हा भावंडांसाठी मी सातवीतून शाळा सोडली. तू बी.कॉम. झालास. आणि आज माझ्या पोराला तू घराबाहेर झोपवतोस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. तिचे ऋण मोठे आहे. पण ते ऋण माझे आहे. त्याचा हप्ता माझ्या मुलीने आपली झोप आणि आपली लाज देऊन का भरावा? आपण पुरुष नात्याचा मान राखतो आणि त्याची किंमत घरातल्या बायका-मुली चुकवतात. हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

सुभेदार रामजींची आठवण आपण नेहमी काढतो. परळच्या डबक चाळीत त्यांची एकच खोली होती. तिथे भीमरावांना अभ्यासाला निवांतपणा नव्हता. म्हणून रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, ते अशा खोलीतून. रामजींपाशी जास्त जागा नव्हती. पण मुलाच्या वाट्याची जागा आणि वेळ त्यांनी ठरवून राखला. खोली लहान आहे हे कारण आपण सांगू नये.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. पाहुण्याला होकार देण्यापूर्वी घरातल्या बाईला आणि शिकत्या मुलांना विचारा. किती दिवस, हे पहिल्याच दिवशी प्रेमाने ठरवा. घरची रीत आल्या आल्या सांगा. महिन्याने सांगितली की ती कुरबूर होते. घरात मुलींसाठी एक पडदा आणि एक कुलपाची पेटी असू द्या. आणि आपण कोणाकडे गेलो तर हेच सर्व आधी आपण पाळू या.

भाचा त्या भरतीत लागला नाही. पुन्हा प्रयत्न करतो आहे. मुलगी कॉलेजात आहे. आक्का यंदा भीमजयंतीला आली. उघड्या दाराशी उभी राहून टोमण्याच्या सुरात म्हणाली, "येऊ ना रे? परवानगी आहे ना?" मी काही बोलण्याआधी मुलगी धावत गेली, आत्याच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला आपल्या पडद्याआडच्या जागेत बसवले. रात्री आक्का तिथेच, तिच्या शेजारी झोपली.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!