पाहुणा, गाडी आणि परवाना

डिसेंबर आला की जव्हारच्या गल्लीत परदेशातले पाहुणे दिसू लागतात. कुणाचा मुलगा कुवेतहून येतो, कुणाची नात लंडनहून. कुणाला दाभोसा धबधबा बघायचा असतो, कुणाला सूर्यमाळची थंडी अनुभवायची असते. आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता हमखास वाक्य येतं, "मामू, चावी द्या ना."

तीन वर्षांपूर्वी आम्ही दिली. भाचा इंग्लंडात जन्मलेला, वय सव्वीस. खिशातलं गुलाबी कार्ड काढून त्याने दाखवलं, "मी सहा वर्षं गाडी चालवतोय." आम्ही कार्ड उलटसुलट पाहिलं, फोटो त्याचाच होता, आणि ऑल्टोची चावी हातात ठेवली. वर्गात मुलांना वाहतुकीच्या खुणा पाठ करून घेणारे आम्ही! पण घरच्या पाहुण्याला कागद विचारणं म्हणजे जेवायला बसवून ताटाचे पैसे मागणं, असं आपल्याकडे वाटतं.

मोर्चुंडीच्या पुढे एका वळणावर समोरून मोटारसायकल आली. भाचा गडबडला, उजव्या बाजूला जरा जास्तच गेला. मोटारसायकलवरचा तरुण पडला, नडगीचं हाड मोडलं. अल्लाहचे लाख उपकार, जीव वाचला. पण दिवाळी नुकतीच झाली होती. आपल्या तालुक्यांतली कितीतरी घरं त्या दिवसांत कुलूप लावून वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तोही चार दिवसांनी बायकोला घेऊन निघणार होता. मुकादमाकडून उचल घेतलेली, घरच्या लग्नात संपलेली. आता काम न करता उचल फेडायची कशी?

दवाखान्याच्या आवारातच सल्ले सुरू झाले. "मास्तर, तुम्हीच चालवत होता म्हणून सांगा. तुमच्याकडे परवाना आहे, विमा आहे, पोराचं विमान परवा आहे. त्या गरिबाला पैसेही विम्यातून मिळतील." हे शेवटचं वाक्य आमच्या मनात रुतलं. खोटं बोललं तर गरिबाचं भलं होतंय, असं दिसत होतं. खरं सांगायचं तर अर्धा तास आम्ही डळमळलो. शेवटी भाचाच उठला आणि पोलिसांपुढे म्हणाला, "गाडी मी चालवत होतो." त्याने तिकीट पुढे ढकललं, कोर्टात दंड भरला. गाडी आमची, म्हणून आम्हीही भरला. उपचाराचा खर्च आणि उचलीची रक्कम आम्ही दोन्ही घरांनी मिळून दिली. मुमानीच्या दोन बांगड्या त्यात गेल्या, त्याबद्दल तिने आजवर चकार शब्द काढलेला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मागाहून एका वकील मित्राकडून कळलं की तो सल्ला चुकीच्या समजावर उभा होता. चालकाकडे परवाना नसला म्हणून जखमीचा हक्क बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्ण सिंग खटल्यात सांगितलं आहे, की विमा कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी, आणि मालकाने जाणूनबुजून अट मोडली असेल तर ती रक्कम मालकाकडून वसूल करावी. म्हणजे खोटं बोलून त्या तरुणाचा फायदा होणार नव्हता, फक्त आमची कातडी वाचणार होती. दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना चालवणाऱ्याला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही तितकंच.

मग पाहुण्याने करायचं काय? सहा महिने-वर्षभर राहायचं असेल तर इथलाच परवाना काढता येतो, पासपोर्ट पुरावा म्हणून चालतो. पण शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवस थांबल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. तीन आठवड्यांच्या पाहुण्याला ते जमणारच नाही. त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना असतो. तो इथे मिळत नाही, त्याने आपल्या देशातून निघण्याआधीच काढायचा असतो. वर्षभर चालतो, पण सोबत मूळ परवाना हवाच. एकटं ते पुस्तक दाखवून भागत नाही. त्यात पुन्हा प्रकार आहेत, भारतासाठी १९४९ च्या करारानुसार काढलेला लागतो. इंग्लंडात तो पूर्वी टपाल कार्यालयात मिळे, १ एप्रिल २०२४ पासून पेपॉइंटच्या दुकानांत मिळतो, साडेपाच पौंडांत. साडेपाच पौंड! आम्हाला काय पडलं, ते वर आलंच आहे.

उलट दिशेलाही हेच. आपली मुलं बाहेर फिरायला जातात तेव्हा इथला परवाना, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून, एक हजार रुपये भरून परिवहन कार्यालयातून असाच परवाना काढता येतो. आपलं कार्यालय वसईचं, तेव्हा मोखाड्याच्या माणसाने एक अख्खा दिवस राखून ठेवावा. मात्र दुबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. राहण्याचा व्हिसा लागला की तिथला परवाना लागतो, आणि इथे वीस वर्षं गाडी हाकलेल्यालाही तिथे चाचणी द्यावी लागते.

गेल्या डिसेंबरात त्या भाच्याचा धाकटा भाऊ आला. आल्या आल्या सलाम करून त्याने आंतरराष्ट्रीय परवाना आमच्या हातात ठेवला, सोबत मूळ कार्ड. आम्ही चष्मा लावून दोन्ही वाचले. मूळ कार्डावर फक्त ऑटोमॅटिक गाडीची परवानगी! त्याने चाचणीच बिनगिअरच्या गाडीवर दिलेली, आणि तिकडे अशा माणसाला गिअरची गाडी चालवता येत नाही. मूळ परवान्यात जे नाही ते आंतरराष्ट्रीय परवान्यात कुठून येणार? आमची ऑल्टो गिअरची.

"मामू, जरा आपल्या गल्लीत तरी?"

"नाही बेटा."

तोंड पाडून बसला. दुसऱ्या दिवशी मुमानीने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली आणि आम्ही दोघं जव्हार आगारातून मोखाड्याच्या एसटीत बसलो. खिडकीची जागा त्याला दिली. मोर्चुंडीच्या पुढचं ते वळण आलं तेव्हा आम्ही त्याला बोटाने दाखवलं. तो काही बोलला नाही, बराच वेळ मागे वळून बघत राहिला.