ओटा खालून बांधावा

पावसाळा सरला की आपल्या वस्त्यांमधून घरदुरुस्तीची कामे निघतात. रमाई आवासच्या हप्त्यांत घर उभे राहते, पण पुढचा ओटा बहुधा पदरमोड करून, भिशीच्या नाहीतर बचतगटाच्या पैशांतून घातला जातो. म्हातारी माणसे तिथे बसतात, आयाबाया धान्य निवडतात, मुले अभ्यास करतात. असा ओटा दोन पावसाळ्यांत तडकला, घरापासून सुटला, तर नुसते पैसेच जात नाहीत. चिरेत पाय अडकून एखादी आजी पडली, तर दवाखान्याचा खर्च ओट्याहून मोठा होतो. म्हणून आज ओट्याविषयी थोडे बोलू.

हल्ली मोबाइलवर परदेशातल्या घरांची चित्रे येतात. घरापुढे फळ्यांचा ऐसपैस ओटा असतो, तिकडे त्याला डेक म्हणतात. या फळ्या पुष्कळदा लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेल्या असतात. तसला माल आपल्याकडेही डब्ल्यूपीसी या नावाने मिळतो. चांगली फळी घेतली की काम टिकले, असे आपल्याला वाटते. तिकडचा अनुभव वेगळे सांगतो.

लेह-लडाखला नोकरी केलेल्या जवानाला विचारा, गोठलेले पाणी काय करते ते तो सांगेल. पाण्याचा बर्फ झाला की ते सुमारे ९ टक्के फुगते. जमिनीतला ओलावा गोठला की माती वर उचलली जाते, तिच्याबरोबर डेकचा खांबही उचलला जातो. बर्फ वितळला की खांब खाली येतो, पण पहिल्या जागी नीट बसत नाही. दरवर्षी हेच चालले तर वरची फळी कितीही महाग असो, डेक वाकडा होणारच. म्हणून कॅनडातल्या टोरांटोसारख्या शहरात खांबाचा पाया सुमारे ४ फूट खोल नेतात. जमीन जिथवर गोठते, त्याच्या खाली तो टेकतो.

आपल्या कोल्हापुरात जमीन गोठत नाही, हे खरे. पण तोच खेळ आपल्याकडे काळी माती खेळते. शिरोळ, हातकणंगले भागात, नदीकाठच्या रानात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा घातला, तर तो उचलला जाणार आणि खचणार. डोंगराकडच्या जांभ्याच्या जमिनीत हा त्रास कमी, पण तिथे पावसाच्या धारेने खालची माती वाहून जाते.

उपाय साधा आहे. काळी माती निदान २ फूट उकरून काढावी. खड्ड्यात मुरूम भरावा, पण एकदम ओतू नये. अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर देऊन, पाणी मारून धुम्मसाने ठोकावा. कडेने सिमेंटमध्ये पक्की भिंत घ्यावी, म्हणजे मुरूम सुटणार नाही. ओटा घराच्या भिंतीला जखडू नये. मध्ये अर्धा इंच फट ठेवून ती डांबराने भरावी. घराकडून बाहेर ६ फुटांत १ इंच ढाळ द्यावा. पत्र्याचे पाणी पन्हळीने दूर सोडावे. कोब्यावर निदान ७ ते १० दिवस पाणी मारावे.

आता हिशेब पाहू. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ४ इंच जाड कोबा म्हणजे २० घनफूट. एक-दोन-चारच्या मालाला सिमेंटची सुमारे ४ पोती, ९ घनफूट वाळू आणि १८ घनफूट खडी लागते. खालच्या २ फूट खड्ड्याला १२० घनफूट मुरूम लागतो. तो ठोकल्यावर बसतो म्हणून दीड ब्रास धरावा. हा दीड ब्रास पुढे कोणाला दिसत नाही, म्हणून पैसे वाचवताना पहिली कात्री त्यालाच लागते. कात्री लावायचीच असेल तर ती वरच्या चकचकीत फरशीला लावा.

डब्ल्यूपीसीला वाळवी लागत नाही, म्हणून न्हाणीघराच्या दाराला ती बरी. पण उन्हाने ती वाढते, तेव्हा टोकाला फट सोडावी लागते. भार पेलायला खाली लोखंडाचा सांगाडा हवा. नुसत्या फळीवर विसंबू नये. पावसात तिच्यावर शेवाळ धरते, ते घासून काढावे लागते.

नदीकाठच्या गावांनी आणखी एक पाहावे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले होते. पूर ओसरल्यावर ओटा वरून धड दिसला तरी कडेला मुरूम धुपला आहे का, ते पाहून घ्यावे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, गवंड्याशी दर ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा. माती किती काढणार? मुरूम थराने ठोकणार का? भिंतीशी फट कशी ठेवणार? पाणी कुठे जाणार? नीट उत्तरे मिळाली तरच इसार द्या. मुरूम ठोकण्याच्या दिवशी मात्र घरातल्या एकाने रजा काढून तिथे उभे राहावे.