यंत्र कोणाच्या खिडकीखाली?

उष्णता-पंप हा शब्द तुम्ही पुस्तकात वाचला असेल. पण असा पंप आपल्या घरातच असतो असे सांगितले तर तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. पाण्याचा पंप खालचे पाणी वर चढवतो, तसा हा पंप कमी तापमानाच्या जागेतली उष्णता उचलून जास्त तापमानाच्या जागेत नेऊन टाकतो. फ्रिज हेच काम करतो आणि ज्याला आपण सारे एसी म्हणतो ते वातानुकूलन यंत्रही हेच करते. याच तत्त्वाने घरे गरमही करता येतील, हे विल्यम टॉमसन यांनी (तेच पुढे लॉर्ड केल्विन झाले) १८५२ सालीच मांडले होते. थंड देशांत आज घर गरम ठेवण्यासाठी असे पंप बसवतात. त्यांचे खोके घराबाहेर असते, आणि आपल्या एसीचेही. त्या खोक्यात संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, आणि एक मोठा पंखा असतो. यंत्राचा बहुतेक सारा आवाज तेथूनच निघतो.

हे खोके कोठे लावायचे, हा प्रश्न आपल्याकडे कसा सुटतो ते पाहा. एसी बसवायला आलेला मेकॅनिक तांब्याची नळी कमीत कमी कोठे लागेल ते बघतो. घरमालक बघतो ते एवढेच, की आवाज आपल्या झोपायच्या खोलीत येऊ नये. सोसायटी म्हणते, दर्शनी भिंतीवर नको, इमारतीचे रूप बिघडते. या तिघांचे समाधान होईल अशी जागा एकच उरते : दोन घरांमधला अरुंद चौक किंवा डक्ट, म्हणजे बरोबर शेजाऱ्याच्या खिडकीसमोर. आवाज ज्याला ऐकावा लागणार, त्याला कोणी विचारतच नाही.

आता यातली विपरीत गोष्ट लक्षात घ्या. ज्याच्याकडे एसी आहे तो खिडक्या घट्ट लावून झोपतो. त्याला बाहेरचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्याच्याकडे एसी नाही त्याला मात्र मे महिन्याच्या रात्री खिडकी उघडी टाकण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे त्याच्या वाट्याला आवाज तर येतोच, शिवाय खोक्यातून निघालेली गरम हवाही येते. त्या खिडकीत कोणी दहावीचा विद्यार्थी अभ्यास करीत असेल, कोणी आजारी आजी झोपेची वाट पाहत पडली असेल. म्हणून माझे मत मी आधीच स्पष्ट सांगतो : खोके शक्यतो आपल्याच खिडकीजवळ लावावे, आणि शेजाऱ्याच्या खिडकीपासून जितके दूर जाता येईल तितके जावे. नळी दोन-चार मीटर जास्त लागली तरी चालेल.

‘दूर’ म्हणजे किती, हे तुम्हालाच काढता येईल. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाई होते, आणि चौथाई म्हणजे डेसिबलच्या भाषेत ६ ची घट. समजा, खोक्यापासून १ मीटरवर ५५ डेसिबल आवाज आहे. मग २ मीटरवर ४९, ४ मीटरवर ४३ आणि ८ मीटरवर ३७ उरेल. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी विभागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तेव्हा १ मीटरवरचे खोके दिवसा कसेबसे चालून जाईल, रात्री नाही; ते ४ मीटरवर नेले तर रात्रीही चालेल.

हे गणित झाले मोकळ्या जागेचे, आणि गोम नेमकी येथेच आहे. खोके एका मोठ्या भिंतीला लागून असले, तर भिंतीकडे जाणारा ध्वनी परावर्तित होऊन पुढच्या बाजूस येतो. तीव्रता दुप्पट, म्हणजे ३ डेसिबल जास्त. दोन भिंतींच्या कोपऱ्यात ६, आणि खाली फरशीही असली तर ९. चारी बाजूंनी बंद अशा डक्टमध्ये तर ध्वनीला पसरायला जागाच नाही. तो भिंतींवर आपटत, विहिरीत मारलेल्या हाकेसारखा घुमत वर जातो. तेथे अंतर वाढले तरी आवाज फारसा घटत नाही, आणि खालच्या सगळ्या मजल्यांची यंत्रे वरच्या मजल्यावर ऐकू येतात.

अशी अडचणीची जागा निवडणाऱ्याला वाटते की आपली काही हानी नाही. तेही खरे नाही. डक्टमध्ये साठलेली गरम हवा खोके पुन्हा आत ओढते. आतले तापमान २४ अंश आणि बाहेरचे ३५ असताना आदर्श यंत्राचा कार्यगुणांक २९७ भागिले ११, म्हणजे २७ येतो; डक्टमध्ये तेच तापमान ४५ झाले तर २९७ भागिले २१, म्हणजे १४. प्रत्यक्ष यंत्राचे आकडे याहून पुष्कळच लहान असतात. पण घसरण्याची दिशा हीच. संपीडकाला जास्त राबावे लागते, विजेचे बिल वाढते, आणि आवाजही जास्त वेळ चालू राहतो. आवाज कोंडावा म्हणून खोक्याभोवती पत्र्याची पेटी ठोकणारे लोक हाच अपराध स्वतःच्या यंत्रावर करतात.

झाडांच्या कुंड्यांची रांग लावून आवाज अडत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. पंख्याला तीन पाती असतील आणि तो मिनिटाला ८४० फेरे घेत असेल, तर हवेला सेकंदाला ४२ धक्के बसतात. विजेच्या ५० हर्ट्झ प्रवाहामुळे मोटरीतून येणारी गुणगुण बहुधा १०० हर्ट्झची असते. तिची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर. एवढ्या लांब तरंगाला हातभर उंचीचा कठडा म्हणजे काहीच नाही; विवर्तनाने तो वळसा घालून पलीकडे जातो. इमारतीचा अख्खा कोपरा मात्र आडोसा देऊ शकतो. म्हणून खिडक्या नसलेल्या बाजूची भिंत, तीही रस्त्याकडे किंवा मोकळ्या मैदानाकडे तोंड केलेली, सर्वांत चांगली.

भिंतीतून जाणाऱ्या कंपनांचा प्रश्न वेगळा, आणि मला विचाराल तर तो अधिक त्रासदायक. नादकाटा वाजवून नुसता हातात धरा आणि मग त्याचा दांडा टेबलावर टेकवा. आवाज एकदम वाढतो, कारण आता सारे टेबलच कंप पावू लागते. साडेचार इंची विटांच्या भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर खोके ठेवले की ती भिंत हे टेबल होते. पलीकडच्या खोलीत खिडकी बंद केली तरी गुणगुण थांबत नाही. म्हणून जड तुळई किंवा खांब यांचा आधार घ्यावा आणि मध्ये रबराचे जाड तुकडे घालावेत. ते वजनाने थोडे दबले पाहिजेत. उन्हाने वाळून लाकडासारखे झालेले रबर असून नसून सारखेच.

जर्मनीत १९९८ पासून लागू असलेल्या नियमावलीत निव्वळ निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ३५ डेसिबल आहे. आकड्यापेक्षा मला तेथील मोजण्याची पद्धत महत्त्वाची वाटते. मोजमाप यंत्रापाशी होत नाही. ज्याला त्रास होतो त्याच्या उघड्या खिडकीच्या बाहेर अर्ध्या मीटरवर होते. आपल्या सोसायट्यांनी हा रिवाज उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. दर्शनी भिंतीचे रूप बिघडण्याच्या तक्रारीला मी फारशी किंमत देत नाही. मात्र एक आक्षेप खरा आहे : पाचव्या मजल्यावर नुसत्या भिंतीवर खोके टांगले, तर दुरुस्तीला येणारा मेकॅनिक उभा कोठे राहणार? पाय टेकायला सज्जा नसेल तर ती जागा कितीही शांत असली तरी सोडून द्यावी आणि स्वतःच्या गॅलरीत खोके ठेवावे.

हे सारे तुम्हाला तपासून पाहता येईल. मोबाइलवर ध्वनी मोजण्याचे अ‍ॅप मिळते. त्यातल्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, दोन आकड्यांमधल्या फरकावर ठेवा. भोवतालचा गोंगाट कमी असेल अशी वेळ निवडा आणि मोकळ्या गच्चीवरील खोक्यापासून १, २ व ४ मीटरवर मोजा. दर टप्प्याला फरक ६ च्या आसपास यावा. मग तेच एखाद्या डक्टच्या खिडकीतून निरनिराळ्या मजल्यांवर करा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. शेवटचे मोजमाप शेजाऱ्यांच्या खिडकीत, त्यांना विचारून, रात्री दहानंतर घ्या. त्या वेळी आपला एसी चालू ठेवायला विसरू नका.