पासष्टी ओलांडली की बाई 'लाडकी' राहत नाही

योजना आली की गावात पहिला प्रश्न असतो, कागद काय लागतात. वयाची अट सगळे मुकाट्यानं मान्य करतात, जणू ती देवानंच घालून दिलीय. पण म्हातारपणाकडं सरकार कसं बघतं, हे त्या अटीतच कळतं.

जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आधी वयाची मर्यादा ६० होती, ओरड झाल्यावर ६५ केली. ६५ पूर्ण झाली की बाई योजनेतून बाहेर. तिथून पुढं तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, रक्कमही तेवढीच, १,५०० रुपये. मग अडचण कुठंय?

अडचण उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीत नाव नसेल, तर श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. महिन्याला १,७५० रुपये! २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे घरातलं एक माणूस वर्षात ६८ दिवस कामावर गेलं, तर ही मर्यादा ओलांडली. खरं उत्पन्न लिहिलं की म्हातारी अपात्र, त्यामुळं खोटा आकडा लिहायची वेळ नियमच आणतो. ही मर्यादा वाढवा म्हणून मागणी कैक वर्षांची आहे.

बाई तीच, घर तेच, रान तेच. ६४ व्या वर्षी अडीच लाखांपर्यंत चालतं, ६५ नंतर २१,०००. वय वाढलं की गरज वाढते, गुडघे जातात, गोळ्या सुरू होतात. नियम मात्र तिथंच आवळलाय. तरुण बाईला पैसे देताना सरकार 'सन्मान' म्हणतं आणि म्हातारीला देताना 'निराधार' असल्याचा पुरावा मागतं.

केंद्राचं तर विचारूच नका. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. २००७ ला २०० होता, आजही २००. ऐंशी पार केली तर ५००. एवढ्या वर्षांत युरियापासून चहापर्यंत काय वाढलं नाही?

शेतकऱ्याचं बघा. गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह योजनेत अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख मिळतात. वय १० ते ७५. सातबारा नावावर असलेला ७६ वर्षांचा माणूस रात्री पाणी द्यायला गेला आणि साप चावला, तर वारसाला काहीच नाही. पंचाहत्तरीनंतर शेतकरी रानात जात नाही, असं मुंबईत बसून कुणाला वाटलं असेल. गावात तर निम्म्या घरांत पोरं पुण्याला आणि बैल म्हाताऱ्याकडं.

सगळंच वाईट आहे असं नाही. एसटीत ७५ नंतर प्रवास फुकट आहे (गावात एसटी आली तर). ७० वर्षांपुढच्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि तिथं उत्पन्नाची अट नाही. म्हणजे वय हाच हक्क मानायचा ठरवलं तर सरकारला जमतं.

पोरांनी सांभाळावं, हे उत्तर ठरलेलं. त्यासाठी २००७ चा कायदाही आहे, प्रांताकडं अर्ज करून पोटगी मागता येते. पण पोराच्या विरोधात कागद करून त्याच घरात जेवायचं कसं? आणि त्याच पोराची कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात धरून आईची पेन्शन अडते, ते वेगळंच.

ज्यांची पासष्टी जवळ आलीय त्यांनी हप्ता बंद व्हायची वाट बघू नये. वयाचा पुरावा, १५ वर्षांचा रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा आणि तहसीलच्या संजय गांधी शाखेत श्रावणबाळचा अर्ज करून पोच घ्यावी. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागावं, तोंडी 'बसत नाही' ऐकून माघारी येऊ नये.